मिठाला जागलेलं मत

हिराकाकी गेल्याची बातमी मला आमच्या गावाहून वाशीला दूध घालायला येणाऱ्या भाऊने दिली. सकाळची गडबड, माझ्या हातात पातेलं, आणि तो किटली उंबऱ्यावर टेकवून म्हणाला, "मंदाताई, तुमची काकी गेली." माझ्या तोंडून पहिल्यांदा रडू फुटलं नाही, प्रश्न फुटला. मी विचारलं, "कोणी सांगितलं?" भाऊ बिचारा गोंधळला. "म्हंजे काय ताई? मी बगूनच आलो ना तिला," असं म्हणून त्याने मान खाली घातली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की जिच्या मरणाची बातमी मी पारखून घेत होते, तिचाच तो प्रश्न होता. पातेलं मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही. दूध त्या दिवशी घेतलंच नाही.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. मी वाशीत अकरावी-बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. यंदा मताचं वय एकविसावरून अठरावर आलं, त्यामुळे एरवी माझ्या तासाला पेंगणारी पोरंही जरा ताठ बसायला लागली आहेत. परवा एकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिलं मत कुणाला दिलं होतं?" मी म्हटलं, सांगणार नाही. पोरांना वाटलं, मॅडम भाव खातात. भाव खायचा प्रश्न नव्हता. मी ते सांगू शकत नाही. का ते सांगायचं, तर काकीबद्दल लिहावं लागेल.

आमचं गाव घणसोलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. थोडी भातशेती आणि बाकी मिठागरं, यांवर गावाचं पोट. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घराचा कर्ता म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गणूकाका. महाप्याच्या बाजूला एका कारखान्यात तो कामाला होता. काकी त्याची बायको होऊन आली ती उरणकडून. माहेरी जायचं म्हणजे आधी मुंबई गाठायची, मग लाँचने मोऱ्याच्या बंदरात उतरायचं, असा द्राविडी प्राणायाम होता. त्यामुळे ती माहेरी कमी गेली आणि आमच्या डोक्यावर जास्त बसली. सातवी शिकलेली, आवाज खणखणीत, आणि नव्या नवरीने ज्या वयात खाली बघायचं त्या वयात ही समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची, "कोनी सांगला?"

त्या वर्षांत खाडीपुलाचं काम चाललं होतं आणि गावात हूल उठली होती, की पुलाच्या पायात लहान पोरं घालतात, नाहीतर पूल उभा राहत नाही. आयांनी आम्हाला घरात कोंडलं. माझी आई तर मला परसातसुद्धा एकटी सोडेना. काकी म्हणाली, "वहिनी, ह्या तुमाला कोनी सांगला?" आई म्हणाली, शेजारणीने, जानूने. काकी पदर खोचून जानूकडे गेली. मला बरोबर घेतलं, कारण आईचा जीव माझ्यातच अडकला होता. जानूला मासळीवालीने सांगितलं होतं, मासळीवालीला तिच्या दिराने. असं करत आम्ही दुपारच्या उन्हात थेट पुलाच्या कामावरच्या राखणदारापर्यंत पोचलो. तो आधी उडवाउडवी करायला लागला. मग हसत म्हणाला, "बाई, पोरं सळया पळवतात. कुणीतरी बोललं, घाला भीती. घातली." काकी हसली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "एका मानसाच्या सळया वाचाव्या म्हनून अख्खा गाव घाबरला." माझ्या मते माझं राजकारणाचं शिक्षण त्या दुपारी सुरू झालं, फक्त तेव्हा मला तहान लागली होती एवढंच कळत होतं.

पुढे नव्या शहरासाठी जमिनी जायला लागल्या आणि गाव म्हणजे अफवांचं कोठार झालं. आज म्हणे घरंही जाणार, उद्या म्हणे घरटी नोकरी मिळणार, परवा म्हणे काहीच नाही मिळणार. काकीचा प्रश्न सुरूच. लोक तिला कंटाळले. तिचं नाव काढून बायका हसायच्या, "हिराला देव दिसला तरी ती इचारंल, तू देव हायस ह्या कोनी सांगला?" मीसुद्धा हसायचे. मी तोवर ठाण्याच्या कॉलेजात जायला लागले होते, राज्यघटनेची कलमं मला तोंडपाठ होती, आणि काकीचं हे घरोघर फिरून विचारणं मला अडाणीपणाचं वाटायचं. तिला मात्र माझ्या कॉलेजचं भारी कौतुक. मी पुस्तक उघडलं की ती भांडी न वाजवता घासायची.

मी एकविसाची झाले त्याच वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आता एक सांगते, आमच्याकडे 'मत' हा शब्द एकवचनी होता. घराला एक चूल, तसं घराला एक मत. ते कर्त्याने गावकीच्या देवळात जाऊन द्यायचं, आणि मतदानाच्या दिवशी बाकीच्यांनी फक्त शिक्के मारून यायचं. देण्याची रीत अशी, की गावदेवीपुढे ताटात मिठाची रास, शेजारी पाण्याचा तांब्या. कर्त्याने मूठभर मीठ उचलायचं, नाव घ्यायचं, आणि मीठ पाण्यात सोडून म्हणायचं, फिरलो तर माझं घर या मिठासारखं विरघळेल. ज्यांचं पोट मिठावर, त्यांना याहून मोठी शपथ नाही. मीठ उचलून फिरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता.

आमच्या वॉर्डात गावकीचा माणूस होता धर्माशेठ. जमिनीच्या पैशात त्याने दोन ट्रक घेतले होते, आणि निवडून आला की सरपंच तोच होणार हे ठरलेलं होतं. समोर उभा होता बाळाराम, कारखान्यात काम करणारा तरुण, बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. भांडण होतं गावच्या तलावाचं. शेती गेली, गुरचरण गेलं, उरला होता तो देवळामागचा तलाव. त्यावर बायका धुणी धुवायच्या, गणपती त्यात बुडवायचे, उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गाव त्यावर जगायचं. तो बुजवून तिथे गोदामं बांधायची असं चाललं होतं. बाळाराम म्हणे, बुजवू देणार नाही. धर्माशेठची माणसं सांगत फिरत होती, की तलाव सरकारने कधीच घेतलाय, आता ब्रह्मदेव आला तरी काही होणार नाही, मग कशाला उगाच गावात फूट पाडता?

काकीने हे ऐकलं आणि विळी आडवी केली. "मंदे, चल." या वेळी मी हसले नाही. तलाव मलाही हवा होता; त्याच्या पायऱ्यांवर बसून मी अभ्यास केला होता. आम्ही दोघी घराघरांतून विचारत गेलो आणि प्रत्येक वाट फिरून धर्माशेठच्या ओटीवर येऊन थांबायला लागली. मग काकी मला ग्रामसेवकाकडे घेऊन गेली. काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं, कसं विचारायचं ते मला. ग्रामसेवकाने दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "असा काही हुकूम नाही. तलाव पंचायतीचा आहे. नवी पंचायत ठराव करील तसं होईल. माझं नाव सांगू नका." पुस्तकात वाचलेलं 'स्थानिक स्वराज्य' म्हणजे हे दार लोटून बोलणं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी काकाला सांगितलं. तो तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "गावकी सोडून मना राहता येनार नाय. उद्या मंदीचा लगीन करायचा हाय, कोन उभा राहील मांडवात?" दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला देवळात मीठ उचलायचं होतं.

बायका देवळाच्या बाहेर कठड्याशी उभ्या राहायच्या, तशा आम्ही उभ्या होतो. आत एकेक पुरुष पुढे होत होता. सगळे धर्माशेठचंच नाव घेत होते. बाळारामचा सख्खा चुलताही. काकाची पाळी आली. त्याने मीठ उचललं, "माज्या घरची चार मतं धर्माशेठला," म्हणाला, आणि मूठ तांब्यात सोडली. ही चार मतं म्हणजे तो, काकी, माझी आई आणि मी. माझं आयुष्यातलं पहिलं मत मी कठड्याबाहेर उभी असताना पाण्यात पडलं, आणि मी बघत राहिले.

आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली... काकी देवळाची पायरी चढून आत गेली होती. ताटासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं.

"गणू, बायकोला बाहेर घे," धर्माशेठ म्हणाला.

काकी गावकीच्या सगळ्यांत वडील माणसाकडे, पाटीलबाबांकडे वळली. "बाबा, बाईनी मीठ उचलायचा नाय असा कोनी सांगला?"

पाटीलबाबांनी खरोखर विचार केला. माणूस कडक, पण लबाड नव्हता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "सांगला तर कोनी नाय."

काकीने मूठभर मीठ उचललं. मीठ तिच्या बोटांतून गळत होतं. पण आवाज खणखणीत. "माजा मत मी कोनाला दिला, ता मरेपरेंत कोनाला सांगनार नाय. सांगला तर मी या मिठासारखी इरघलंन." आणि मूठ पाण्यात सोडली.

धर्माशेठ उसळून उठला. "गणूनं चार मतं दिली हायत!"

"त्यांनी त्यांचा दिला. माजा माज्याकडं हाय," काकी म्हणाली.

काकाचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो रागावलेला नव्हता, भ्यालेला होता. मलाही भीती वाटत होती, इतकी की पायरी दिसेना. तरी मी चढले. माझ्यामागून आई आली, मग जानू, मग आणखी काही बायका. प्रत्येकीने तेच म्हटलं. मीठ ओलसर आणि खरखरीत होतं आणि तळहाताला कुठेतरी चिरलेलं होतं तिथे झोंबलं. म्हणून मी मुलांना सांगू शकत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही, की ते मत मी कुणाला दिलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारापासून धर्माशेठची माणसं दुतर्फा उभी होती. प्रत्येक घर आलं की एकजण म्हणायचा, "मीठ ध्यानात हाय ना?" काका पुढे, मग आई, काकी आणि मी. बोटाला शाई लागली, कागद हातात आला, गोणपाटाच्या आडोशामागे मी एकटी उभी राहिले. घरात, गावात, कॉलेजात, कुठेही मी तोवर अशी एकटी कधी नव्हते. शिक्का हातात धरल्यावर मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की भीतीचं, आजही सांगता येणार नाही.

बाळाराम थोडक्यात निवडून आला. धर्माशेठ पंचायतीबाहेर राहिला आणि तलाव वाचला. आजही तो देवळामागे आहे.

पण आमच्या घरावर आभाळ कोसळलं. उघड वाळीत टाकलं नाही, तसं टाकत नाहीत. हळदीला बोलावणं येईना, दुकानदार मापाच्या वेळी दुसरीकडे बघायचा, काकी पाणवठ्यावर गेली की बायका कळशा अर्ध्या भरून निघून जायच्या. गावकीने पुन्हा बैठक बोलावली, कोण फिरलं ते काढायला. काकाला समोर उभं केलं. तो खाली मान घालून उभा राहिला, एक अक्षर बोलला नाही. बायकोपायी लाजला, असं सगळ्यांनी धरलं. मग काकीला विचारायला लागले, तेव्हा पाटीलबाबांनीच काठी आपटली. "तिनी मीठ उचललाय. आता तिला इचारनारा मिठाचा गुन्हेगार." झालं, विषय मिटला. तिच्या शपथेने तिचं तोंड बंद केलं होतं आणि गावाचंही. सूडबुद्धी हळूहळू निवली, बोलावणी यायला लागली. माझं लग्नही झालं, मांडव भरला होता. दोघं नवरा-बायको मात्र कितीतरी दिवस एकमेकांशी नीट बोलत नव्हती. काकी ताट वाढून द्यायची, काका मान वर न करता जेवायचा. गंमत म्हणजे जगाला प्रश्न विचारणाऱ्या काकीने त्याला हे कधी विचारलं नाही, की तू शिक्का कुठे मारलास. तिच्या हिशेबी ते त्याचं होतं.

त्यानंतर जमिनीच्या मोबदल्यासाठी मोर्चे निघाले, त्यांत ती गेली. घोषणा द्यायच्या आधी पुढाऱ्याला विचारायची, ही मागणी कोणी ठरवली. पुढारी तिला टाळायचे. माझ्या वाशीच्या घरी सोसायटीच्या मीटिंगला एकदा हट्टाने येऊन बसली आणि चेअरमनला घाम फोडून गेली. मला मूल झालं तेव्हा तिने आधी त्याला मांडीवर घेतलं आणि मग मला म्हणाली, "आता ह्याला सगलं ऐकव, पन सगलं खरा मानू नको सांग." तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याबद्दल गाव जे बोलायचं, त्याला तिने "कोनी सांगला?" असं कधी विचारलं नाही. एवढी एक जागा तिने सोडून दिली होती.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. अंगावरचं मांस उतरत गेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी पोटातला आजार सांगितला, नाव सांगितलं, आणि उशीर झाल्याचंही सांगितलं. मी शेवटची भेटले तेव्हा ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काकी, आता तरी सांग ना, कुणाला दिलं होतंस?" ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, "मीठ हाय, मंदे." मग दम खाऊन, "तू तरी सांगशील क?" मी नाही म्हटलं. ती खूश झाली. शेवटचं बोलणं हेच.

ती गेल्यावर सुतकात घरात अळणी शिजलं, ते रीतीप्रमाणेच. पण दिवसकार्य उरकलं, घरातली सगळी पूर्वीसारखी जेवायला लागली, तरी काका अळणीच खात होता. भाताला मीठ नाही, मासळीला नाही. आई थकली सांगून. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा चुलीशेजारी काकीची मिठाची बरणी होती तिथेच होती, तोंडाला फडकं बांधलेली. मी काकाला ताट वाढलं, तर त्याने बरणीकडे पाहून तोंड फिरवलं.

"काका, काय झालंय ते सांगा," मी म्हटलं.

तो भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "मी मीठ मोडला, पोरी."

मला आधी कळलंच नाही.

"आडोशामागं शिक्का हातात धरला. धर्माशेठचा निशान समोर. आन् हिराचा आवाज आला कानात... तलाव गेला तरी चालंल असा तुला कोनी सांगला? कोनीच नव्हता सांगला, त्या धर्माशिवाय. मी बाळारामला दिला. गावकीत उभा केला तवा तोंड उघडला नाय. सगल्यांनी तिला धरला, मी धरू दिला. तिलाबी कदी बोललो नाय." त्याने घास परत ताटात ठेवला. "तिनी तिचा मीठ पाळला. ती कशाला इरघलंल? घर इरघलंल असा मी बोललेलो. माज्या डोल्यांदेखत इरघलली ती, मंदे. माज्यामुलं."

मी राज्यशास्त्र शिकवते. आजाराचं नाव मला ठाऊक होतं, डॉक्टर काय म्हणाले तेही ठाऊक होतं. शपथ, अंधश्रद्धा यांवर मी वर्गात तासभर बोलू शकते. त्यातलं काहीही मला आठवलं नाही. या माणसाने एवढी वर्षं हे एकट्याने गिळलं, बायको झिजताना उशाशी बसून गिळलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, आमच्या वाशीच्या बोलीत नाही, गावच्याच बोलीत.

"काका, ह्या तुमाला कोनी सांगला?"

तो दचकला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी आतल्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाला, "कोनी नाय... कोनीच नाय सांगला."

त्याने ताट थोडं माझ्याकडे सरकवलं.

"बरनी सोड," तो म्हणाला. "मीठ वाढ जरा."